टर्नटेबलला इको आणि फिल्टर जोडताना

टर्नटेबलची आरसीए वायर काढायची, पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, आणलेला कन्व्हर्टर लावायचा आणि ती थेट गिटारच्या पेडलमध्ये (इको वगैरे इफेक्ट देणाऱ्या छोट्या डबीत) खोचायची, हा विचार पहिल्यांदा जवळपास सगळ्यांना सुचतो. मलाही सुचला. मग जो आवाज आला तो पातळ, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा होता आणि त्याच्यावर भलामोठा हम, म्हणजे विजेची गुणगुण. पेडल बिघडलेलं नव्हतं, टर्नटेबलही ठणठणीत होतं. चुकली होती ती पेडलची जागा.

या लेखातलं निम्मंअधिक काम त्या जागेबद्दलच आहे. इफेक्ट रेकॉर्डच्या वाटेत बसवायचा नाही, वाटेच्या शेजारी बसवायचा. रेकॉर्डचा आवाज आपल्या वाटेने स्पीकरकडे जात राहतो. त्यातला हवा तेवढाच भाग आपण बाजूला वळवतो, त्याला इको किंवा रिव्हर्ब (मोठ्या हॉलमधल्यासारखा घुमारा) लावतो आणि परत आणून मिसळतो. पेडल बंद पडलं, अडॅप्टर निसटला, तरी गाणं थांबत नाही. फिल्टर मात्र अपवाद आहे. तो वाटेतच असावा लागतो, कारण त्याचं कामच मूळ आवाजातलं काहीतरी काढून टाकण्याचं आहे.

आधी कागदावर वाट काढा

सुईचं काडतूस अगदी क्षीण वीज तयार करतं. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारातून साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट मिळतात. स्क्रॅच करणाऱ्यांचं, म्हणजे तबकडी हाताने पुढेमागे ओढून वाजवणाऱ्यांचं, लाडकं शुअर एम ४४-७ हे ९.५ मिलिव्होल्ट देणारं म्हणून दणकट मानलं जायचं. शुअरने २०१८ मध्ये काडतुसांचं उत्पादनच थांबवलं. आता याच्या शेजारी लाइन लेव्हल, म्हणजे उपकरणं एकमेकांना देतात ती नेहमीची पातळी, ठेवून बघा. घरगुती उपकरणांत ती सुमारे ३१६ मिलिव्होल्ट आणि व्यावसायिक उपकरणांत १.२३ व्होल्ट असते. म्हणजे ५ मिलिव्होल्टचा सिग्नल घरगुती लाइनला आणायचा तरी साठपट वाढवावा लागतो.

नुसता वाढवूनही भागत नाही. रेकॉर्ड कापताना खर्जातला आवाज मुद्दाम दाबलेला असतो, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला फार थोडं संगीत मावेल. वरच्या पट्टीतला आवाज मुद्दाम चढवलेला असतो, म्हणजे परत उतरवताना त्याच्याबरोबर खरखरही उतरते. १९५४ पासून सर्वमान्य झालेल्या या मापाला रिआ कर्व्ह म्हणतात. २० हर्ट्झला साधारण २० डेसिबेल वर आणि २० हजार हर्ट्झला तेवढंच खाली, एवढी दुरुस्ती फोनो प्रीअँप करतो. मिक्सरवर 'फोनो' लिहिलेल्या इनपुटच्या आत हाच प्रीअँप बसलेला असतो. त्याच्या आधी पेडल लावलं की दुरुस्त न झालेला आणि साठपट लहान सिग्नल पेडलला मिळतो, म्हणून तो पत्र्याचा डबा.

तेव्हा कागदावर अशी रेघ ओढा: सुई, फोनो प्रीअँप, चॅनलचा गेन (आत येणाऱ्या आवाजाचा जोर), इक्यू (खर्ज-मध्य-तार कमीजास्त करणाऱ्या नॉब), फिल्टर, फेडर (चॅनलचा आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी), मास्टर (सगळ्या चॅनलांचा एकत्र आवाज), स्पीकर. पेडलला या रेघेवर फोनो प्रीअँपच्या पुढे कुठेही जागा आहे, मागे कुठेच नाही.

मिक्सरच्या पाठीमागे काय लिहिलंय ते वाचा

आवाज पेडलकडे पाठवणारी जागा म्हणजे सेंड, परत घेणारी म्हणजे रिटर्न. सेंड, रिटर्न, ऑक्स, एफएक्स लूप यांपैकी एखादा शब्द मागच्या किंवा वरच्या पॅनलवर दिसला तर तुमचं काम सोपं आहे. अॅलन अँड हीथच्या झोन ९२ वर दोन ऑक्स सेंड आणि दोन फिल्टर आहेत. पायोनियरच्या डीजेएम ९०० नेक्सस २ वर सेंड-रिटर्नची सॉकेट आहेत. सॉकेट बहुधा ६.३५ मिलिमीटरची असतात. आपल्याकडच्या साउंडवाल्यांच्या भाषेत पी-३८. दुकानात जाऊन '६.३५ द्या' म्हणण्यापेक्षा 'पी-३८ मोनो' म्हटलं की वायर लगेच हातात पडते. मायक्रोफोनच्या तीन पिनांच्या जोडाला तिथे 'कॅनन' म्हणतात, तेही लक्षात असू द्या.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे सेंड फेडरच्या आधीचा आहे की नंतरचा. फेडरनंतरचा असेल तर फेडर खाली ओढल्यावर पेडलकडे नवीन आवाज जायचा थांबतो, पण पेडलमध्ये आधी गेलेला शब्द घुमत राहतो. गाणं कापलं आणि त्याची शेपटी हवेत राहिली, हा जो परिणाम सगळ्यांना हवा असतो तो असा मिळतो. फेडरच्या आधीचा सेंड वेगळ्या कामाचा. फेडर पूर्ण खाली असतानाही आवाज पेडलकडे जातो, त्यामुळे श्रोत्यांना फक्त इको ऐकू येतो, मूळ रेकॉर्ड नाही. नवख्याने फेडरनंतरचा घ्यावा, असं माझं मत आहे.

सेंड नसेल तर

स्क्रॅचसाठीच्या पुष्कळ दोन चॅनलच्या मिक्सरवर सेंड नसतो. तेव्हा दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता थोड्या खर्चाचा पण भक्कम. भजनी मंडळं वापरतात तसला चार-सहा चॅनलचा लहान लाइव्ह मिक्सर घ्यायचा, फक्त त्यावर फेडरनंतरचा एक ऑक्स सेंड असायला हवा. डीजे मिक्सरचं मास्टर आउटपुट त्याच्या स्टिरिओ चॅनलला द्यायचं, ऑक्स पेडलला आणि पेडल दुसऱ्या मोकळ्या चॅनलला. यात दोन्ही डेकना, म्हणजे टर्नटेबलांना, एकच सेंड मिळतो, ही मर्यादा आहे. पण एक डेक फेडरने बंद ठेवून ती सहज ओलांडता येते.

दुसरा रस्ता हेडफोनच्या आउटपुटचा. ज्या चॅनलचं क्यू (हेडफोनवर ऐकण्याचं) बटण दाबाल त्याचाच आवाज तिथे येतो, म्हणजे तो आयता सेंडच झाला, तोही फेडरच्या आधीचा. पेडलकडून परत आलेली वायर मोकळ्या चॅनलच्या (दोनच चॅनल असतील तर एका डेकच्या जागी) लाइन इनपुटला लावायची आणि त्या चॅनलचं क्यू बटण कधीही दाबायचं नाही. इथे वायरची एक बाब सांभाळा. हेडफोनचं सॉकेट स्टिरिओ असतं. त्यात मोनो जॅक घातला तर उजवी बाजू ग्राउंडला टेकते आणि हेडफोन अँपवर भार येतो. स्टिरिओ जॅकच्या टोकाला डावी वायर, बाहीला ग्राउंड आणि मधली रिंग मोकळी, अशी वायर सोल्डर करून घ्या. तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपास समोर बसवून ती करून मिळते. सोबत हेडफोनसाठी एक स्प्लिटर घ्या, नाहीतर पुढची रेकॉर्ड ऐकायची कशाने?

एक गोष्ट मात्र करू नका. बूथ आउटपुटला (वाजवणाऱ्याजवळच्या स्पीकरसाठीच्या सॉकेटला) पेडल लावून ते त्याच मिक्सरच्या चॅनलला परत आणू नका. बूथमधून संपूर्ण मिश्रण बाहेर पडतं, त्यात परत आलेला इकोही असतो. तो पुन्हा पेडलमध्ये जातो, पुन्हा परत येतो, आणि दोन-तीन सेकंदांत किंचाळी सुरू होते. एका छोट्या हॉलमध्ये माझ्या हातून हे झालं होतं. पुढच्या रांगेत लहान मुलं बसली होती. ती कानावर हात ठेवून रडायला लागली, आणि ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून हा परिच्छेद दोनदा वाचा.

जोडणी

सगळं बंद करा. अँप किंवा पॉवर्ड स्पीकर सगळ्यात आधी.

सेंडपासून पेडलच्या इनपुटला आणि पेडलच्या आउटपुटपासून रिटर्नला अशा दोन वायरी लावा. दोन्ही शक्य तितक्या आखूड ठेवा. ही अनबॅलन्स्ड वायर असते, म्हणजे बाहेरचा गोंधळ रद्द करण्याची सोय नसलेली, दीड-दोन मीटरच्या पुढे गेली की ती अँटेनाचं काम करू लागते. मिक्सरला रिटर्नची स्वतंत्र नॉब असेल तर उत्तम. नसेल तर मोकळा चॅनल वापरा आणि त्याचा इनपुट स्विच 'लाइन'वर आहे ना ते तपासा. फोनोवर राहिला तर पेडलचा आवाज साठ-सत्तरपट वाढून स्पीकरवर आदळेल. रिटर्न चॅनलला स्वतःची सेंड नॉब असेल तर ती शून्यावर आणा आणि तिथेच राहू द्या. मी त्या नॉबवर चिकटपट्टी लावतो.

पेडल मोनो असलं तरी बिघडत नाही. आपल्या घराघरांत ज्या जुन्या मराठी तबकड्या आहेत त्यांतल्या कितीतरी मुळातच मोनो आहेत. मूळ गाणं स्टिरिओ असलं तरी मधोमध येणारा मोनो इको कानाला खटकत नाही.

आता पेडलचं मिक्स. सेंड-रिटर्नमध्ये पेडलमधून फक्त इफेक्ट परत यायला हवा, मूळ आवाज नाही. पेडलवर मिक्स किंवा लेव्हलची नॉब असेल तर ती पूर्ण इफेक्टकडे फिरवा, 'किल ड्राय' असा स्विच असेल तर तो चालू करा. हे का, ते समजून घेण्यासारखं आहे. डिजिटल पेडलला आवाज आत घेऊन बाहेर सोडायला एक-दोन मिलिसेकंद लागतात. तेवढ्या उशिरा आलेली मूळ आवाजाची दुसरी प्रत पहिल्या प्रतीत मिसळली की काही स्वर एकमेकांना खोडून टाकतात. १ मिलिसेकंद उशीर असेल तर पहिला खड्डा ५०० हर्ट्झला, २ असेल तर २५० हर्ट्झला, म्हणजे थेट गळ्याच्या पट्टीत. ऐकताना गायक नळकांड्यात उभा असल्यासारखा वाटतो. असा पोकळ आवाज आला की आधी मिक्सची नॉब बघा, वायर नंतर.

वीजपुरवठा. बहुतेक पेडल ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि त्यांचा मधला पिन ऋण असतो. दुकानात ९ व्होल्टचे जे साधे अडॅप्टर मिळतात त्यांतल्या पुष्कळांचा मधला पिन धन असतो. उलटं लागलं तर पेडल जळू शकतं, तेव्हा अडॅप्टरवरची छोटी आकृती बघितल्याशिवाय लावू नका. डिजिटल पेडलला किती मिलिअँपिअर लागतात तेही वाचा, अडॅप्टर त्याहून मोठा चालतो, लहान चालत नाही. आणि जपानहून आलेला जुना टेक्निक्सचा टर्नटेबल घेत असाल तर मागची पट्टी नक्की वाचा. तो १०० व्होल्टचा असतो, आपले २३० व्होल्ट त्याला सरळ दिले की आटोपलं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. फ्रिक्वेन्सीची काळजी मात्र नको, टेक्निक्सच्या एसएल १२०० ची मोटर क्वार्ट्झवर वेग धरते, ५० हर्ट्झ की ६० याचा तिला फरक पडत नाही.

चालू करताना आधी पेडल, मग मिक्सर, शेवटी अँप.

लेव्हल बसवणं

रेकॉर्डमधला सगळ्यात मोठा भाग शोधा, ढोलकीची तोडी किंवा ऑर्केस्ट्राचा उठाव. चॅनलचा गेन मीटरवर शून्याच्या आसपास येईल एवढा ठेवा. मग सेंड हळूहळू उघडा आणि पेडलचा आवाज फाटायला कधी लागतो ते ऐका. गिटारचा सिग्नल मिक्सरच्या लाइन लेव्हलपेक्षा बराच लहान असतो, त्यामुळे गिटारसाठी बनलेली पेडल मिक्सरच्या जोरासमोर लवकर हात टेकतात. फाटण्याच्या जरा अलीकडे थांबा. सेंडची ती जागा पेन्सिलने खूण करून ठेवा. कमी पडलेला आवाज रिटर्नवर भरून काढा. उलट केलं, म्हणजे सेंड बारीक आणि रिटर्न मोठा, तर पेडलची सळसळ मोठी होऊन ऐकू येते.

हम आला तर

टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर मिक्सरच्या स्क्रूला नीट आवळली आहे का, हे पहिलं. ती ठीक असेल तर रिटर्नची वायर काढून बघा. हम गेला, तर दोष लूपमध्ये, म्हणजे सेंड-पेडल-रिटर्नच्या फेरीत आहे: पेडल आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवर असतील, किंवा चार पेडल एकाच स्वस्त अडॅप्टरवर असतील. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. तरीही राहिला तर लूपमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. अर्थिंगचा पिन काढून हम घालवण्याचा सल्ला मंडपात कोणी ना कोणी देतोच. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर लोखंडी टेबल, त्यावर मिक्सर, आणि अर्थिंग तोडलेलं. असं कोणी करत असेल तर तिथे वाजवू नका.

फिल्टर

जमैकातल्या किंग्स्टनमध्ये रेडिओ आणि अँप दुरुस्त करणारा एक माणूस होता, ओसबोर्न रडॉक, जग त्याला किंग टबी म्हणतं. तयार गाण्याचे सुटे ट्रॅक मिक्सरवर घेऊन त्यातला गळा काढायचा, ताल ठेवायचा, मध्येच एखादा शब्द इकोत फेकायचा आणि हाय-पास फिल्टरची मोठी नॉब टकटक फिरवत झांजा-गिटार हवेत विरघळवायची. डब नावाचा संगीतप्रकार त्याच्या हातून घडला. बुधवार पेठेत काउंटरमागे सोल्डरिंगची धुरी काढत बसलेला कारागीर पाहिला की मला टबी आठवतो. आज आपण मिक्सरवर जे करतो त्याची बाराखडी अशाच एका दुरुस्तीच्या टेबलावर लिहिली गेली.

हाय-पास म्हणजे ठरावीक स्वराच्या वरचं जाऊ देणारा आणि खर्ज कापणारा. लो-पास त्याच्या उलट. हल्लीच्या मिक्सरवर दोन्ही एकाच नॉबवर असतात: मध्ये मोकळं, उजवीकडे हाय-पास, डावीकडे लो-पास. उतार ऑक्टेव्हवर मोजतात, म्हणजे आपल्या भाषेत सप्तकावर. १२ डेसिबेलचा फिल्टर २०० हर्ट्झला ठेवला, तर एक सप्तक खाली, १०० हर्ट्झला, आवाज साधारण १२ डेसिबेलने खाली जातो, ५० ला २४ ने. २४ डेसिबेलचा फिल्टर याच्या दुप्पट कडक. जुन्या, मोजक्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रणाला १२ डेसिबेलचा फिल्टर जास्त शोभतो. गाणं कापल्यासारखं वाटत नाही, लांब गेल्यासारखं वाटतं.

कुठे काय आहे हे हातांना माहीत असावं. डग्ग्याचा घुमारा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास. काळी एकमध्ये लावलेला दायाँ २७७ हर्ट्झला. गळ्याचा गाभा ३०० ते ३,००० या पट्ट्यात. झांजा, टाळ आणि तबकडीची खरखर त्याच्या बरीच वर. म्हणून हाय-पास १५० पर्यंत नेला तर डग्गा जातो पण ठेका राहतो. ३५० च्या पुढे गेलात की तबल्याचा मूळ स्वर निसटतो आणि फक्त टिकटिक उरते. मला त्या दोन आकड्यांमधली जागा फार आवडते. गाणं रेडिओवर लागल्यासारखं होतं, तरी शब्द पूर्ण कळतात. तिथे आठ मात्रा थांबून समेवर नॉब एकदम मध्ये आणली की डग्गा परत येतो आणि समोरची माणसं आपोआप मान डोलावतात.

रेझोनन्सची नॉब बेतानेच वापरा. ती फिल्टरच्या काठावरचे स्वर फुगवते. जास्त फिरवली तर तो काठ स्वतःचा एक सूर लावून शिट्टी घालतो. इलेक्ट्रॉनिक संगीतात ते खपतं, तिथे ती शिट्टी मजा आणते. पण भावगीतावर काठ फिरत गेला की तो गायिकेच्या षड्जाला, मग कोमल ऋषभाला, मग आणखी कशाला तरी धडकत जातो. सुराशी सख्य असलेल्या कानाला ते सहन होत नाही, आणि पुण्यात असे कान प्रत्येक खोलीत दोन-चार असतातच. चौथा हिस्सा पुरे.

आणखी एक. दोन रेकॉर्ड एकमेकींत मिसळताना दोन्हींचा खर्ज एकाच वेळी उघडा ठेवू नका. येणाऱ्या रेकॉर्डवर हाय-पास ठेवा, ती आत आली की जाणारीवर हाय-पास चढवा. खर्जाची अदलाबदल एका समेवर.

इको आणि ताल

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. इकोचा वेळ काढायचं सूत्र साधं आहे: ६०,००० भागिले बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. १०० बीपीएमला एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, १२० ला ५०० चा. पेडलवर तो आकडा बसवला की पुनरावृत्ती तालात पडते. पण टर्नटेबलचा पिच (वेगाची सरकपट्टी) सरकवला की हिशेब बदलतो. १०० बीपीएमची रेकॉर्ड ४ टक्के जास्त वेगाने वाजवली तर ती १०४ झाली, ठोका ५७७ मिलिसेकंदांचा. पेडल अजून ६०० वरच. पहिली पुनरावृत्ती २३ मिलिसेकंद मागे पडते, पाचवी ११५. पाचवीपर्यंत सगळं घसरलेलं असतं. म्हणून टॅप टेम्पो असलेलंच पेडल घ्या. पिच हलवल्यावर चार ठोके पायाने किंवा बोटाने द्यायचे, बस्स.

जुन्या मराठी रेकॉर्डना आणखी एक गुण आहे. त्या मेट्रोनोमवर वाजवलेल्या नाहीत. माणसं एकत्र बसून वाजवत होती, अंतऱ्याला लय जराशी चढते, मुखड्याला सैलावते. तुमचं यंत्र बीपीएम दाखवत असेल तर तो आकडा हलताना दिसेल. त्याच्यावर विसंबू नका. इको फेकायच्या आधीच्या दोन ठोक्यांवर टॅप करा आणि पुनरावृत्ती तीन-चारच्या पुढे जाऊ देऊ नका. फीडबॅकची (इको किती वेळा घुमेल ते ठरवणारी) नॉब साधारण तिसऱ्या हिश्श्यावर ठेवली की एवढंच होतं.

आणि ताल कोणता, हे कानाने ओळखा. केरवा आठ मात्रांचा, चार-चारच्या दोन खंडांत. तिथे अर्ध्या ठोक्याचा, पाऊण ठोक्याचा इको छान बसतो. ९६ बीपीएमला ३१२ किंवा ४६९ मिलिसेकंद. पण दादरा सहा मात्रांचा आहे, तीन-तीनच्या खंडांत. समजा त्याचं एक आवर्तन २ सेकंदांत पुरं होतं. तर मात्रा ३३३ मिलिसेकंदांची आणि खंड १,००० चा. यंत्राला खंड हाच ठोका वाटला आणि त्याने अर्धा ठोका म्हणून ५०० दिले, तर पुनरावृत्ती दीड मात्रेवर, म्हणजे दोन मात्रांच्या मधल्या पोकळीत पडते आणि ठेक्याशी भांडते. दादऱ्याला ३३३ द्या किंवा १,०००. पेडलवर ट्रिप्लेटची (ठोक्याचे तीन समान भाग करण्याची) खूण असेल तर ती यासाठीच आहे. परदेशी मार्गदर्शनात हे सहसा सापडत नाही, कारण तिथली नाचाची रेकॉर्ड चाराच्या हिशेबातलीच असते. आपल्या तबकड्या वाजवणाऱ्याला मात्र मात्रा मोजता आल्याच पाहिजेत.

फेकायचं कसं? सेंड सतत उघडा ठेवू नका. एरवी तो बंद. ओळीतला शेवटचा शब्द येतोय असं दिसलं की सेंड झटक्यात उघडायचा, शब्द संपायच्या आत बंद करायचा. तो एकच शब्द पेडलमध्ये गेला. आता फेडर खाली. शब्द तीन-चार वेळा घुमत विरतो आणि तेवढ्या अवकाशात दुसऱ्या डेकवरची रेकॉर्ड समेवर सोडायची. डाव्या हाताने सेंड, उजव्याने फेडर. पहिला आठवडा फक्त एवढंच करा, एकाच रेकॉर्डवर, एकाच ओळीवर.

पुनरावृत्ती मूळ आवाजापेक्षा थोडी मंद, अंधारी असलेली बरी. रोलंडचा १९७४ मधला आरई २०१ हा टेपवर चालणारा इको, त्याची प्रत्येक फेरी आधीपेक्षा थोडी झिजलेली यायची, म्हणून तो मूळ गळ्याच्या आड येत नसे. डिजिटल पेडलवर टोन किंवा हाय-कट असेल तर तो खाली आणून तसंच मिळवा. याने तबकडीचाही एक प्रश्न सुटतो. चरा पडलेल्या रेकॉर्डची 'टक' सेंडमध्ये गेली तर इको तिचीही चार 'टक' करतो. वरचे स्वर कापले की ती बरीच दबते. अर्थात रेकॉर्ड आधी पुसून घेणं याला पर्याय नाही. जुन्या बाजारातून रविवारी आणलेली तबकडी धुतल्याशिवाय इकोसमोर नेऊ नका.

सुई, फरशी आणि खर्ज

सीडी किंवा लॅपटॉप वाजवणाऱ्याला जी अडचण येत नाही ती ही: सुई मायक्रोफोनसारखी ऐकते. स्पीकरचा खर्ज टेबलातून सुईपर्यंत पोचला की तो पुन्हा वाढतो आणि घूं असा हाऊल सुरू होतो. लो-पास लावून रेझोनन्स चढवला की आपण नेमका तोच पट्टा फुगवत असतो, म्हणून हाऊल बहुधा फिल्टर फिरवतानाच येतो आणि लोक फिल्टरला दोष देतात.

उपाय आपल्याकडे स्वस्तात मिळतो. टर्नटेबलखाली मावेल अशी शहाबादी फरशी कापून घ्या, तिच्याखाली स्कूटरची ट्यूब अर्धवट हवा भरून ठेवा. जड दगड आणि मऊ हवा मिळून कंप अडवतात. वर स्पिरिट लेव्हल ठेवून सपाटी तपासा, नाहीतर सुई एका बाजूला ओढते. शिवाय चॅनलचा हाय-पास ३०-४० हर्ट्झला कायम ठेवता आला तर ठेवा. तबकडीवर तिथे संगीत जवळपास नसतंच, असते ती मोटरची गुरगुर आणि वाकड्या रेकॉर्डचं हेलकावणं. घरी रात्री सराव करतानाही खर्ज कापूनच करा, वाड्याच्या किंवा फ्लॅटच्या भिंतीतून शेजारी जातो तो खर्जच. आणि उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री १० नंतर, खास परवानगी नसेल तर, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाउडस्पीकर बंद करावाच लागतो.

लॅपटॉप असेल तर

टाइमकोड रेकॉर्ड (लॅपटॉपमधलं गाणं चालवणारी, गाण्याऐवजी संकेत भरलेली तबकडी) वापरत असाल तर वरचं बरंचसं पडद्यावर होतं. 'मिक्स' (Mixxx) हे मोफत सॉफ्टवेअर टाइमकोड वाचतं, आणि प्रत्येक डेकला फिल्टरची झटपट नॉब देतं. सेराटो आणि ट्रॅक्टर (Traktor) या सॉफ्टवेअरमध्येही इफेक्ट भरपूर आहेत. तिथेही आधी एक इको आणि एक फिल्टर एवढंच उघडा. आणि टाइमकोडच्या सिग्नलवर चुकूनही पेडल लावू नका. त्यात गाणं नसतं, वेगाची आणि जागेची खूण असते. ती बिघडली की डेक भरकटतो.

कार्यक्रमाच्या दिवशी

दारं उघडायच्या आधी अर्धा तास तुमचा. प्रत्येक फेडर वर करून हम ऐका. मग एक रेकॉर्ड लावा, सेंड पूर्ण उघडा, रिटर्न वाढवत न्या आणि कुठे किंचाळायला लागतं ते शोधून ती जागा टेपने खूण करा. कार्यक्रमात हात त्या खुणेच्या वर जाता कामा नये. पेडलच्या वायरी टेबलाला चिकटपट्टीने बांधा, ओढल्या गेल्या तर जॅक निघण्याऐवजी पट्टी ताणली जाते. एक जादा आरसीए वायर, एक जादा अडॅप्टर आणि जादा सुई खिशात ठेवा.

संपल्यावर आधी अँप बंद करा आणि दहा सेकंद थांबा. मग मिक्सर, मग पेडल. टोनआर्म स्टँडवर ठेवून त्याची कडी लावा, सुईवर टोपी घाला, आणि मगच वायरींना हात लावा.